जुने स्मोक डिटेक्टर फोडू नका
संपादक साहेब, नमस्कार. मी रत्नागिरीचा, जुने घरगुती स्मोक डिटेक्टर (धूर झाला की वाजणारी यंत्रं) जमवतो, बरेचसे बोटीवर कामाला असलेल्या आपल्या पोरांनी परदेशातून आणलेले. ओळखायला उलटा करून मागचं लेबल बघायचं, अमेरिशिअम २४१ (एक किरणोत्सारी धातू) हे नाव किंवा तीन पात्यांचं किरणोत्साराचं चिन्ह दिसलं की तो आयनायझेशनवाला, म्हणजे आतल्या किरणोत्सारी पदार्थाच्या मदतीने धूर ओळखणारा, काही खूप जुन्यांत तर रेडियम हा दुसरा किरणोत्सारी धातू असायचा. परवा भंगारवाल्याकडे एक दिसला, खाऱ्या हवेने स्क्रू गंजलेले, लेबल अर्धं उडालेलं, आणि तो हातोडी घेऊन फोडायलाच बसलेला! अमेरिशिअमचे अल्फा किरण कागदानेही अडतात, पण फोडून धूळ छातीत गेली तर वाईट, आणि ते अमेरिशिअम निम्मं व्हायलाच ४३२ वर्षं लागतात. आपल्या पेपरात त्या चिन्हाचा फोटो मोठा छापा ना प्लीज.
- एक वाचक, रत्नागिरी