आई-बाबा, तिकिटं काढली आहेत

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. आई रडवेली झाली आणि बाबा, तुम्ही नुसतं "ठीक आहे" म्हणून फोन आईकडे दिलात. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. फोनवर मी घाई करते, त्यात इथे छोटू ओरडत असतो, म्हणून शांतपणे लिहायला बसले.

आधी काय ठरलंय ते सांगते. युरोपच्या ग्रुप टूरला आपण येत नाही असं मी कळवलं आहे. भरलेले पैसे परत मिळतील, थोडे कापून. तुमची दोघांची मुंबई ते म्युनिक तिकिटं मेच्या शेवटच्या आठवड्याची काढली आहेत. व्हिसासाठी लागणारं हमीपत्र इथे जर्मनीत, न्यूरेनबर्गच्या कचेरीत जाऊन केलंय, ते कुरियरने येईल. हे दादाने आणि मी मिळून ठरवलं, तुम्हाला विचारायच्या आधी. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, पुढच्या वर्षी बघू. आणि आई म्हणाली असती, आमच्यावर एवढा खर्च कशाला. दोन्ही मला ऐकायचं नव्हतं.

शेजारच्या काका-काकूंबरोबर जायचं तुमचं किती दिवसांचं मनात होतं, मला माहीत आहे. आईने तर स्वेटरही काढून उन्हात टाकले होते. पण मी त्या टूरचा कार्यक्रम ओळ न् ओळ वाचला. पहाटे बॅगा खोलीबाहेर, दिवसभर बस, दर एक-दोन रात्रींनी नवं हॉटेल, नवा देश. आणि मध्ये स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राऊयोख. ते रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. बाबांच्या स्टेंटला अजून वर्षही झालं नाही. डॉक्टर चाला म्हणालेत, रोज चाला, पण इतक्या उंचीवर, इतक्या विरळ हवेत, पन्नास माणसांच्या घोळक्यात? तिथे बाबांना दम लागला तर आई, तू कोणाला सांगशील, आणि मी इथे काय करू? तुझा बर्फातला फोटो राहतोय याचं मला खरंच वाईट वाटतं. आपण जाणार आहोत त्या फ्युसेन गावाहून आल्प्सची शिखरं समोर दिसतात, मेअखेरही माथ्यावर थोडा बर्फ असतो. तो दुरूनच, पण असतो. तिथे तुझा फोटो मी काढीन, लाल स्वेटर घालून.

आता कुठे जायचं ते सांगते, म्हणजे तुमची रुखरुख थोडी कमी होईल. आपण एकाच देशात, एकाच रस्त्याने जायचं आहे. जर्मनीत त्याला 'रोमँटिक रोड' म्हणतात. युद्धानंतर, १९५० साली, लोक पुन्हा फिरायला यावेत म्हणून जुनी गावं जोडून हा मार्ग आखला. वरती व्युर्त्सबुर्ग, खाली आल्प्सच्या पायथ्याशी फ्युसेन. तुमचे जावई गाडी चालवणार. एका दिवशी दीड-दोन तासांच्या वर गाडीत बसायचं नाही, आणि मध्ये वाटेल तिथे थांबायचं. दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं असतात, अजून हिरवी. बाबा, तुम्ही प्रत्येक शेतापाशी थांबवणार हे मी धरूनच वेळ काढला आहे.

व्युर्त्सबुर्गला बिशपचा राजवाडा आहे. त्याचा जिना बुटक्या, रुंद पायऱ्यांचा आहे, आईच्या गुडघ्यांना सोसेल. छतावर तिएपोलो या इटालियन चित्रकाराने १७५२-५३ मध्ये चार खंड रंगवले आहेत आणि आशिया हत्तीवर बसून आली आहे. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शहर जळालं, पण हे छत वाचलं. बाबा, मान फार वेळ वर करायची नाही, पट्टा बरोबर ठेवा.

रोटेनबुर्गमध्ये आपण तटाच्या आतच राहू. दिवसा तिथे फार गर्दी असते, पण संध्याकाळी बसगाड्या निघून जातात आणि गाव मोकळं होतं. रात्री पहारेकऱ्याच्या वेशातला एक माणूस कंदील घेऊन गोष्टी सांगत फिरवतो, मी मराठीत सांगेन. हे गाव इतकं जुन्यासारखं का राहिलं, माहीत आहे? तीस वर्षांच्या युद्धानंतर, म्हणजे १६४८ नंतर, पैसाच उरला नाही. नवं बांधायची ऐपत नव्हती म्हणून जुनं टिकलं. ३१ मार्च १९४५ ला मात्र बॉम्ब पडले आणि गावाचा मोठा भाग गेला. तट पुन्हा उभारायला जगभरातून लोकांनी पैसे दिले. कोणी किती मीटर भिंत बांधून दिली ते नावानिशी दगडांवर कोरलंय. बाबा, तुम्ही शाळेच्या भिंतीसाठी वर्गणी गोळा करत सायकलवर फिरायचात, ते मला ती नावं वाचताना आठवलं होतं. आईला बसायला मी जागा शोधीन, तुम्ही निवांत वाचा.

डिंकेल्सब्युलला फक्त दुपारचा चहा.

न्योर्डलिंगेन मात्र बाबांसाठीच ठेवलंय. खरं सांगू का, हा सगळा रस्ता मी त्या एका गावासाठी निवडला. गाव वसलंय ते उल्कापाताच्या विवरात. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का आदळली आणि जवळजवळ पंचवीस किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला, त्याला रीस म्हणतात. आपलं लोणार काठावर उभं राहिलं की अख्खं डोळ्यांत मावतं. हे इतकं पसरलंय की आत असूनही कळत नाही, लांबवर झाडीच्या टेकड्यांची गोल कड तेवढी दिसते. इथेही लोक कितीतरी काळ ज्वालामुखी समजत होते. १९६० मध्ये शूमेकर आणि चाओ या दोन शास्त्रज्ञांना इथल्या दगडात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं. ते प्रचंड दाबाशिवाय तयारच होत नाही, म्हणून उल्का पडली हे पक्कं झालं. आणि गावातलं सेंट जॉर्ज चर्च त्याच धक्क्यातून तयार झालेल्या दगडाचं बांधलंय, स्वेवाइट म्हणतात त्याला. शेकडो वर्षं लोक उल्केच्या पुराव्यापुढे हात जोडत होते आणि कोणाला पत्ता नव्हता. १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर इथे शिकायला आले होते, चंद्रावर गेल्यावर कोणते दगड उचलायचे ते. विवराच्या संग्रहालयात चंद्रावरचा खरा दगड आहे. तुम्ही फळ्यावर खडूने चंद्राचे खड्डे काढायचात ना, आता तिथला दगड काचेपलीकडे बघायचा.

लोणारची सहल आठवते का तुम्हाला? मेहकरहून एस.टी. करून सगळा वर्ग न्यायचात आणि मी शाळेत नसतानाही मला घेऊन जायचात. उतरताना मी पुढे पळायचे. चढताना दमले की तुम्ही पाठीवर घ्यायचात आणि वरून मुलांना ओरडायचात, "दगडाला हात लावून बघा, नुसतं बघू नका!" तुमच्या शर्टाला घामाचा आणि खडूचा वास यायचा. मला तो अजून आठवतो, बाबा.

म्हणून आता नीट ऐका. त्या चर्चच्या मनोऱ्याला ३५० पायऱ्या आहेत. तुम्ही त्या चढायच्या नाहीत. तुम्हाला जमणार नाही असं मी म्हणत नाही, पण आई खाली परक्या गावात एकटी बसायची नाही. मी आणि छोटू वर जाऊ, तुम्हाला व्हिडिओ कॉल करू, आणि विवराची कड कुठे संपते ते तुम्ही त्याला खालून समजावून सांगा. गावाभोवतीच्या तटावरून मात्र तुम्ही फिरा. पावणेतीन किलोमीटरची पूर्ण फेरी आहे, वर कौलारू छप्पर, ऊन-पाऊस काही लागत नाही. तुमचं सकाळचं फिरणं तेवढंच असतं.

आई, तुझ्यासाठी आउग्सबुर्ग. इथे म्हातारी माणसं कशी राहतात, एकटी का असतात, हे तू मला नेहमी विचारतेस. तिथे याकोब फुगर नावाच्या सावकाराने पाचशे वर्षांपूर्वी, १५२१ च्या सुमारास, गरिबांसाठी घरांची वसाहत बांधली, फुगेराय. ती अजून चालू आहे, अजून माणसं राहतात. वर्षाचं भाडं ८८ सेंट, म्हणजे एक युरोही नाही. अट एवढीच की माणूस त्याच शहरातला, गरजू आणि कॅथलिक असावा, आणि रोज फुगर कुटुंबासाठी तीन प्रार्थना म्हणाव्यात. रात्री दहाला दारं बंद होतात, उशिरा येणाऱ्याला थोडे पैसे द्यावे लागतात. प्रत्येक दाराच्या घंटेची मूठ वेगळ्या आकाराची आहे, म्हणजे अंधारात हाताने चाचपून आपलं दार ओळखता यावं. हे बघताना मला तू डोळ्यांसमोर आलीस, दिवे गेले की भिंतीला हात लावत देवघरापर्यंत जाणारी.

शेवटी फ्युसेन. लुडविग राजाचा नॉयश्वानस्टाइन किल्ला तुम्ही कॅलेंडरवर पाहिलाच आहे. आत फार जिने आहेत आणि वर जायची वाट चढाची, म्हणून आपण तो खालून, कुरणातून बघायचा. दिसतो तो खालूनच सुंदर. त्याऐवजी वीसकिर्शेला जाऊ. १७३८ मध्ये एका शेतकरणीला ख्रिस्ताच्या लाकडी मूर्तीच्या डोळ्यांत पाणी दिसलं, तेव्हापासून लोक पायी यायला लागले आणि मग कुरणाच्या मध्ये हे चर्च उभं राहिलं. आत पांढऱ्या-सोनेरी रंगाचा नुसता उजेड आहे. शेगावला गाभाऱ्यासमोर तू जशी डोळे मिटून बसतेस तशी तिथेही बस, कोणी उठवणार नाही.

आता रोजचं. सगळीकडे तळमजल्यावरची, स्वयंपाकघर असलेली घरं घेतली आहेत. आई, सकाळचा आल्याचा चहा तुझ्या हातचाच. कुकर, पोळपाट, तवा मी गाडीत टाकीन. बादली आणि तांब्याही घेऊन ठेवलाय, आंघोळीची काळजी नको. संडासात पाणी नसतं, म्हणून छोटा मग पिशवीत असेल. नळाचं पाणी थेट प्यायचं, बाटल्या विकत घ्यायच्या नाहीत. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा भाजी शनिवारीच आणू. त्या दिवसांत पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो, बटाट्याबरोबर उकडून देतात, तुला आवडेल. स्ट्रॉबेरीही रस्त्याकडेला मिळते. इथल्या शेवयांसारख्या पदार्थांत अंडं घालतात, तेव्हा मी विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नकोस. बाबा, ब्रेझेल नावाच्या इथल्या पावावरचं जाडं मीठ झाडूनच खायचं. आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो, आई, सांजवातीची वाट बघत बसू नकोस, सातला लाव.

काय आणायचं नाही ते लिहून ठेव. तूप, पेढे, खवा, दूध-दह्याचं काहीही नाही, विमानतळावर काढून घेतात. तूप इथे मिळतं. आंबे नाहीत, कढीपत्ता नाही, कितीही वाटलं तरी. मेतकूट, ज्वारीचं पीठ, पापड, लोणचं, शेंगदाण्याची चटणी चालेल. लोणच्याला दोन पिशव्या.

बाबा, विमानतळावर तुमच्यासाठी आणि आईसाठी व्हीलचेअर सांगितली आहे. कमीपणा वाटून घेऊ नका. रांगेत तासन् तास उभं राहायला लागू नये म्हणून हे केलंय, आणि आईला एकटीला गेट शोधता येणार नाही. रक्त पातळ करणारी गोळी एकही दिवस चुकवायची नाही. इथली वेळ साडेतीन तास मागे असते, तेव्हा प्रवासाच्या दिवशी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून आणा. गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह. विमानात दर दोन तासांनी उठून चालायचं. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण आपण आधीच्या आजारासकट भरणारा घेऊ. दादा बघतोय, तुम्ही स्वस्तातला घेऊ नका.

बूट दोघांनी आजच घ्या आणि रोज घालून फिरा. इथल्या गावांत रस्ते दगडी गोट्यांचे आहेत, चपला चालणार नाहीत. आई, साडीवर बूट चांगले दिसत नाहीत असं म्हणू नकोस, मला तू दिसायला हवी आहेस, पडायला नको आहेस.

काका-काकूंना माझ्या वतीने सांगा, मी त्यांच्यावर रागावलेली नाही. त्यांना यायचं असेल तर न्यूरेनबर्गला आमच्याकडे दोन दिवस राहू देत, आनंद होईल.

बाबा, रविवारी मी फोन करीन तेव्हा तुम्हीच उचला. रागावला असाल तर रागवा, पण बोला. आणि त्याआधी दोन्ही पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानांचे फोटो दादाला पाठवा, नीट उजेडात काढून.

तुमचीच,
मनू

ता. क. आई, चष्म्याचा नंबर तपासून घे आणि जुना चष्माही बरोबर आण. मोतीबिंदूच्या डॉक्टरांची तारीख मेच्या आधीची घे, नंतरची नको.