तोब्रुकात मराठा पलटण पण होती

संपादकसाहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या युद्धपटांवरचा लेख वाचला. १९४३ च्या ‘सहारा’चं त्यात भरभरून कौतुक आहे ते बरोबरच आहे, पण एक गोष्ट राहिली आणि बेळगावच्या पेपरात तरी ती राहायला नको होती, म्हणून लिहितोय.

हा पिक्चर सुरू होतो तोच मुळी जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक बंदर जर्मनांच्या हाती पडल्यावर. हम्फ्री बोगार्टचा सार्जंट टँक घेऊन दक्षिणेकडं निघालाय, वाटेत ब्रिटिश, फ्रेंच, सुदानी असे चुकलेले शिपाई भेटत जातात, एक इटालियन कैदी पण, आणि शेवटी सगळे अडकतात एका आटत आलेल्या विहिरीवर. तांबूल हा सुदानी हवालदार खाली उतरून थेंब थेंब पाणी धरतो तो सीन तर बघाच, मे महिन्यात टँकरची वाट बघितलेल्या माणसाला वेगळं काही सांगायला लागत नाही. मग तहानलेले जर्मन येतात आणि सार्जंट त्यांना सांगतो, पाणी पाहिजे तर बंदुका द्या! विहिरीत पाणी नाही हे आतल्यांनाच ठाऊक. शूटिंग सगळं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात झालंय, पण बघताना ते जाणवतच नाही.

आता बघा, त्याच तोब्रुकमध्ये आपली मराठा पलटण होती की ओ! ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, ११व्या इंडियन ब्रिगेडमध्ये, गुरखे आणि स्कॉटिश कॅमरन हायलँडर्सच्या जोडीला. २० जूनला सकाळी जर्मन सेनापती रोमेलनं आधी विमानांनी भाजून काढलं आणि टँक घातले ते याच ब्रिगेडच्या लाइनवर, आग्नेय बाजूनं. तिथले पुष्कळ सुरुंग आधीच काढून पश्चिमेकडच्या गझालाच्या फळीकडं नेलेले, टँक अडवायचा खंदक जागोजागी वाळूनं बुजलेला, पोरांनी करायचं तरी काय? दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, तीस हजारांवर सैनिक कैद झाले, त्यात ही पलटण पण गेली. पिक्चरमध्ये मात्र इंडियन शिपाई एकसुद्धा नाही. दिग्दर्शक कोर्डानं सुदानी माणसाला इतका मोठा रोल दिला, तेही त्या काळात, म्हणून तर हे जास्त खटकतं.

हॉलिवूडकडनं आता काय अपेक्षा करणार, पण आपल्या कॅम्पातच या पलटणीचं मराठा सेंटर आहे, खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या किती घरांत आजा-पणजाचं मेडल, कैदेतनं आलेलं एखादं कार्ड, पेन्शनचे कागद ट्रंकेत पडून असतील, वाळवी लागायच्या आत ते कुणीतरी बघायला पाहिजेत. तुमचे वार्ताहर गावोगाव फिरतातच, पुरवणीत महिन्याला अर्धं पान यासाठी ठेवा, लोकांना फोटो पाठवायला सांगा, सोबत बटालियनचं नाव आणि नंबर मागा म्हणजे सेंटरच्या रेकॉर्डशी ताडून बघता येईल. माझ्या ओळखीतल्या दोन घरांतले कागद मी आणून देतो.

आपला,
एक जुना वाचक, खानापूर