कंपनी व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र : नाशिकला समुद्र नाही, म्हणून?

माननीय कंपनी व्यवहार मंत्री महोदया,

सादर नमस्कार.

मी सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला वायरमन. मुलगी मालवणला डॉल्फिनचा अभ्यास करते. आमच्याच एमआयडीसीतल्या एका कंपनीने तिच्या संस्थेला सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चातून, तीन वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं होतं. पुठ्ठ्याचा मोठा चेक धरून फोटोही निघाले. खरा चेक काही आला नाही. परवा मेल आला : सीएसआर स्थानिक भागात करायचा असतो, नाशिकला समुद्र नाही, यंदा कुंभमेळ्याला प्राधान्य.

समुद्र नाही हे मलाही दिसतं हो. आमची गोदावरीसुद्धा कोकणाकडे पाठ करून बंगालच्या उपसागराला जाते. पण कंपनी कायद्याच्या कलम १३५ मधलं स्थानिक प्राधान्य सक्तीचं नाही, असा खुलासा तुमच्याच मंत्रालयाने २०२१ मध्ये केलाय ना? सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांच्या यादीत, अनुसूची सातमध्ये, प्राणी-वनस्पतींचं रक्षण आहे ना? की तो कागद फक्त आमच्यासारख्या रिकामटेकड्यांनी वाचायचा?

पाण्याखालचा आवाज टिपायचा मायक्रोफोन पोरीने उसना आणलाय. त्याच्या केबलचा जॉइंट मीच रबर टेप गुंडाळून केला. खारं पाणी शिरलं की डॉल्फिनच्या शिट्टीऐवजी नुसती खरखर. बोटीचं डिझेल माझ्या पीएफमधून. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललंय, त्यावरून घरात रोज वाजतंय. लग्नात पाहुणे विचारतात, "मुलगी मासे मोजते ना?" तो मासा नाही, पिल्लांना दूध पाजतो, हे सांगून जीभ झिजली.

देशात सीएसआरवर वर्षाला तीसेक हजार कोटी खर्च होतात म्हणे, आकडा थोडा पुढेमागे असेल. प्रोजेक्ट डॉल्फिन १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून जाहीर झाला, नदीतल्या आणि समुद्रातल्या दोन्ही डॉल्फिनसाठी. टाळ्या झाल्या. कोकणातला हम्पबॅक डॉल्फिन मात्र जागतिक लाल यादीत संकटग्रस्तच. गणपतीपुळ्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं, तेव्हा सगळे कॅमेरे हजर. लोकांनी जिवाचं रान केलं, तरी ते मेलंच. पुढचं येईपर्यंत कोणाला आठवण?

अमेरिकेचा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा १९७२ चा, आपला वन्यजीव कायदाही १९७२ चा. पण आमच्या जाळ्यांत किती डॉल्फिन मरतात याचा हिशेब जोरात सुरू झाला तो त्यांच्या कायद्यात बसल्याशिवाय अमेरिकेला मासळी-कोळंबी विकता येणार नाही म्हणून. आपल्या कायद्यावर कोळंबी खपत नाही ना!

आणि इथे? कुंभातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, साधुग्रामासाठी, तपोवनातली झाडं तोडायला निघाले, लोक रस्त्यावर आले. आधी झाडं तोडायची, मग सीएसआरमधून रोपं लावायची, दोन्हीकडे फोटो. कुंभाला माझा विरोध नाही, मीही रामकुंडावर जातो. पण स्वागतकमानीवर कंपनीचं नाव झळकतं, डॉल्फिनच्या पाठीवर लिहिता येत नाही, एवढंच खरं कारण आहे.

तो २०२१ चा खुलासा एक पानी मराठीत कंपन्यांना पुन्हा पाठवा. कबूल करून हात वर करणाऱ्यांना लेखी कारण द्यायला लावा. १ जूनला मासेमारीबंदी लागते, पावसाळ्यात पोरीची बोटही किनाऱ्यालाच असते, तेव्हा त्याआधी. आणि कृपा करून 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग केला आहे' हे उत्तर पाठवू नका. तसली पत्रं माझ्याकडे फाइलभर आहेत.

आपला,
एक निवृत्त कामगार, सिडको, नाशिक