बाबा, त्या सकाळची गोळी थोडी उशिरा

प्रिय आई-बाबा,

आधी सांगून टाकते. १९ तारखेला सकाळी नऊची वेळ घेतली आहे. बाबांच्या पार्किन्सनची पूर्ण तपासणी, तीही सकाळची गोळी न घेता. तुम्हाला न विचारता ठरवलं, हे मला कळतं. पण विचारलं असतं तर बाबा "बघू पुढच्या महिन्यात" म्हणाले असते, आणि आई, तू त्यांच्याकडे बघत "बरे आहेत की" म्हणाली असतीस. वर्षभर आपलं हेच चाललंय. त्यात मीही आलेच.

बाबा, दवाखान्यात तुम्ही ताठ बसता. उजव्या हाताखाली फाईल दाबून ठेवता, म्हणजे थरथर दिसत नाही. शिवाय गोळी घेऊन तासाभरात आपण तिथे पोचतो, म्हणजे दिवसातली तुमची सगळ्यात चांगली वेळ डॉक्टरांच्या वाट्याला येते. दुपारी गोळीचा जोर ओसरला की बाथरूमच्या दारात तुमचे पाय जमिनीला चिकटतात, ते त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. त्यांनी डोस ठरवायचा कशावरून? तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. चार लोकांत नीटनेटकं राहायचं, ही तुमची जन्माची सवय. पण तिथे तुम्ही बरे दिसलात की घरी औषध अपुरं पडतं, म्हणून माझा हट्ट.

रात्रभर औषध नसलेल्या अंगाची आधी तपासणी करतील, मग तिथेच गोळी देतील आणि तासाभराने तेच सगळं पुन्हा बघतील. गोळी किती काम करते, ते त्या फरकावरून कळतं. एवढा वेळ जड जाईल, माहीत आहे. मी शेजारी असेन. व्हीलचेअर सांगून ठेवली आहे, ती नको असेल तर नका बसू. आडवं व्हायला खोलीही मिळणार आहे.

सुया नाहीत, कुठल्या यंत्रात झोपवणं नाही. हा आजार किती वाढलाय हे सांगणारी रक्ताची तपासणी नसतेच, डोळ्यांनी बघूनच मोजतात. हाताची मूठ उघड-मीट, टाच जमिनीवर टेकवून पाऊल आपटणं, हाताची घडी घालून खुर्चीतून उठणं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दहा वेळा आपटायला सांगतील, भराभर आणि बोटं होतील तितकी फाकवून. पहिल्या दोन-तीन वेळा फट मोठी असते, मग लहान लहान होत जाते. डॉक्टर तेच बघत असतात. मी वाचलं आणि तुम्ही मागच्या महिन्यात पाठवलेलं पाकीट काढून पाहिलं. माझ्या नावाचं पहिलं अक्षर तुमचं, ओळखीचं. पत्त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत मुंग्यांची रांग. चौथीत माझ्या सगळ्या वह्यांवर तुम्ही नाव घालायचात आणि शाई वाळेपर्यंत मला हात लावू द्यायचा नाहीत. ते पाकीट मी जपून ठेवलंय.

प्रत्येक गोष्टीला शून्य ते चार आकडे असतात. त्रास जास्त तसा आकडा मोठा. हालचालींच्या भागाची बेरीज जास्तीत जास्त १३२ होते. तुमची किती येईल याचं दडपण घेऊ नका. तो आकडा दुसऱ्या कुणाशी ताडायचा नाही, सहा महिन्यांनी तुमच्याच आकड्याशी ताडायचा.

आणि ती आजाराची "तिसरी पायरी". तुम्ही ते शब्द ऐकलेत आणि परत येताना गाडीत एक अक्षर बोलला नाहीत. त्या पाच पायऱ्या होन आणि यार या दोन डॉक्टरांनी १९६७ साली मांडल्या, तेही लेवोडोपा हे या आजारावरचं मुख्य औषध सर्रास मिळू लागण्याआधीचे रुग्ण पाहून. पहिलीत अंगाची एकच बाजू, दुसरीत दोन्ही. तिसरीत तोल डळमळतो, पण माणूस आपलं आपण सगळं करतो. तुम्ही करताच आहात. प्रत्येक जण पाचवीपर्यंत जातोच असंही नाही.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ताईकडच्या व्हिडिओत तुमचा उजवा हात चालताना हलतच नाही. दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आहे तो. त्याच दिवशी जिन्यात मी तुम्हाला म्हटलं होतं, "बाबा, पाय उचलून चाला ना जरा." तुम्ही "हो बाई" म्हणालात. माझं चुकलं.

आता आई, तुझ्यासाठी. २० प्रश्नांचा कागद पाठवला आहे, तो बाबांनी आणि तू मिळून भरायचा. गेल्या आठवड्यात जसं होतं तसंच लिहायचं, चांगल्या दिवसाचं वेगळं काढून नाही. शर्टाची बटणं, कूस बदलणं, लाळ, बद्धकोष्ठता, उठल्यावर डोळ्यांपुढे येणारी अंधारी. लाजण्यासारखं त्यात काही नाही. झोपेत ते ओरडतात, लाथा मारतात, तेही सांगायचं. तू सहा महिने दुसऱ्या खोलीत झोपतेस हे मला ताईकडून कळावं का गं? डॉक्टर उदासीचंही विचारतील. तेव्हा बाबांना बोलू दे, तू मध्ये उत्तर देऊ नकोस.

तीन दिवस वहीत वेळा लिही: गोळी कधी घेतली, अंग कधी मोकळं झालं, कधी आखडलं, कधी आपोआप हलायला लागलं. डॉक्टर मागे उभे राहून खांदे झटकन ओढतात आणि तोल सावरायला किती पावलं लागतात ते बघतात. ते घरी करून बघायचं नाही, अजिबात नाही. गोळी उशिरा घ्यायची ती फक्त त्या एका सकाळी, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. एरवी एकही चुकवायची नाही. त्या दिवशीच्या गोळ्या तुझ्या पर्समध्ये ठेव. बाबांना चप्पल नको, मागून बंद असलेले बूट घाल.

मी १८ ला रात्री पोचते. बेल वाजली की बाबांनी दाराकडे धावायचं नाही. सावकाश या, मी बाहेर उभी आहे.

तुमची,
छोटी