वानरांचे संशोधक आणि अडकलेले विद्यावेतन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी भाची गेले दीड वर्ष खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, वानरांच्या टोळीमागे फिरून पीएच.डी.चे काम करते आहे. टोळी ज्या झाडावर मुक्कामाला असेल त्याखाली उजाडण्याआधी पोहोचायचे, फाटका कान किंवा वाकडी शेपटी अशा खुणांवरून एकेक वानर ओळखायचे आणि कोण कोणाच्या उवा काढते आहे ते ठरावीक मिनिटांनी वहीत उतरवायचे, हा तिचा दिनक्रम. गावकरी विचारतात, "वानरं बघायचा पगार मिळतोय व्हय गं?" मिळतो, पण वेळेवर नाही. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाचे विद्यावेतन दरमहा ३७,००० रुपये झाले खरे. तिचे मात्र सहा महिने अडकले आणि खोलीभाडे, पेट्रोल व वाटाड्याची मजुरी माझ्या निवृत्तिवेतनातून गेली. पेन्शनर मामा सगळ्यांनाच कुठला असणार?

पैसे नाहीत म्हणून संशोधक महिनाभर घरी बसला, तर त्या महिन्यात टोळीत घडलेले पुन्हा पाहायला मिळत नाही. शेजारच्या धारवाडजवळ १९६२ साली बाहेरच्या नरांनी एका टोळीच्या हुप्प्याला हुसकावले, त्यांतल्या एकाने टोळी बळकावली आणि पिल्ले चावून मारली. ही नोंद जगापुढे आली, कारण युकिमारु सुगियामा हे तरुण जपानी संशोधक तेव्हा रोज त्या रानात होते. पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते, हा त्यामागचा अर्थ पुढे सारा हर्डी या अमेरिकी संशोधिकेने विद्यार्थिदशेतच राजस्थानातील माउंट अबूच्या वानरांवरून मांडला. माणसाचे मूल एकट्या आईने नव्हे, तर आजी-मावश्यांच्या हातभाराने वाढत आले, या उत्क्रांतीविषयीच्या विचाराकडे त्या नंतर वळल्या.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. तुलनेसाठी दुसरी टोळी चोर्ल्याच्या पलीकडे निवडावी, तर गोव्याच्या वनखात्याची परवानगी वेगळी; तिलारीकडे निवडावी, तर महाराष्ट्राची वेगळी. सीमाप्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागो, निदान संशोधनाचा एकच अर्ज तिन्ही राज्यांच्या वनखात्यांनी ग्राह्य धरावा आणि विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला खात्यावर जमा व्हावे, ही विनंती आपल्या पत्राद्वारे संबंधितांपर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)