बोर्ड गेला, असे म्हणण्याआधी आपण मीटर लावलात

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवून आपण निवृत्त झालात, एवढाच आपला परिचय येथे देते. नाव जाहीर करू नये ही आपली इच्छा मी पाळते आहे. परंतु आपण केलेल्या मदतीबद्दल चारचौघांत आभार मानल्याशिवाय मला राहवणार नाही.

आमचे ग्रंथालय 'क' वर्गाचे. दाखल नोंदवही, वर्गणी आणि रोजची देवघेव हे सारे एकाच संगणकावर चालते. त्या सकाळी बटण दाबले, तर ना पंखा फिरला, ना दिवा लागला. दुकानात नेल्यावर दुसऱ्या केबलने एकदा चालू करून पाहिले आणि बोर्ड (म्हणजे संगणकाचे सर्व भाग ज्याला जोडलेले असतात तो मदरबोर्ड) गेला, नवा घ्या, असे सांगून परत दिले. आमच्या तुटपुंज्या अनुदानात तो खर्च बसणार नव्हता, आणि त्याहून मोठी धास्ती नोंदींची होती. ती आपण आल्याआल्या दूर केलीत. बोर्ड खरोखरच गेला असला तरी हार्ड डिस्कवरील माहिती त्याच्याबरोबर जात नाही, हे आपले वाक्य ऐकून मी त्या दिवशी प्रथमच निवांत बसले.

मग आपण प्लग काढलात, आत उरलेली वीज उतरावी म्हणून मला बटण काही वेळ दाबून धरायला लावलेत आणि एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची, चोवीस पिनांची जोडणी बोर्डापासून सोडवलीत. पुन्हा वीज देऊन तिच्यातील हिरवी तार काळ्या तारेशी तारेच्या तुकड्याने जोडताच एसएमपीएसचा पंखा फिरू लागला. माझ्या मते काम तिथेच संपले होते: एसएमपीएस चांगला, म्हणजे दोष बोर्डाचा. आपण मात्र पंखा फिरला म्हणजे विजेचे सर्व दाब (व्होल्टेज) योग्य आहेत असे होत नाही, असे म्हणून पिवळ्या तारेवर १२, लाल तारेवर ५ आणि नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट मिळतात का, हे दाब मोजणाऱ्या मीटरने एकेक करून मोजलेत.

जांभळ्या तारेपाशी आपण सर्वांत जास्त वेळ थांबलात. संगणक बंद असतानाही या तारेवर ५ व्होल्ट सतत हवेत, कारण बटणाचा इशारा ओळखणारा बोर्डाचा भाग त्यावरच जागा राहतो, हे मला ठाऊक नव्हते. जोडणी सुटी असताना मीटरने ५.०६ दाखवले; बोर्डाला लावताच आकडा दोनच्याही खाली आला. म्हणजे बोर्डावर किंवा बोर्डाला जोडलेल्या एखाद्या वस्तूत शॉर्ट होता. या 'किंवा'नेच आमचा बोर्ड वाचवला, असे मी मानते.

रॅम काढली, ग्राफिक्स कार्ड काढले, डिस्कच्या तारा सोडवल्या. प्रत्येक वेळी आधी प्लग काढून, मग पुन्हा मोजून. आकडा हलेना. शेवटी कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीची तार बोर्डावरून उपसून पुन्हा वीज देताच बोर्डावरचा छोटा हिरवा दिवा लागला. त्या सुट्या तारेतील लाल आणि काळ्या टोकांना आपण माझ्या हातून मीटरची टोके (प्रोब) लावून घेतलीत आणि मीटर वाजला, म्हणजे शॉर्ट तिथेच होता. बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर पोर्टच्या आतील प्लॅस्टिकची जीभ मोडलेली होती आणि एक पितळी पट्टी वाकून बाहेरच्या धातूच्या कवचाला टेकलेली होती. कोणीतरी पेन ड्राइव्ह तिरका ओढला असणार.

सर, दुकानदाराविषयी माझ्या मनात राग नाही. पण न मोजता निकाल देणे आणि मोजून थांबणे यातला फरक मी त्या दुपारी प्रत्यक्ष पाहिला. आपण एक पैसाही घेतला नाहीत. उलट बोर्डावरची बॅटरी २.५ व्होल्टवर आली आहे हे दिसताच आपल्या पिशवीतील नवी सीआर २०३२ बसवून दिलीत.

पुढचे पोर्ट आता पट्टी लावून बंद केले आहे आणि पेन ड्राइव्ह मागच्या पोर्टला लावतो. ज्या पाठकोऱ्या कागदावर आपण तारांचे रंग आणि आकडे क्रमाने लिहिलेत, तो कागद मी दाखल नोंदवहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवला आहे. ग्रंथालयाच्या वतीने आणि माझ्या वतीने आपले मनःपूर्वक आभार.

आपली नम्र,
ग्रंथपाल