मावशी, कात्रणांच्या त्या फाइलबद्दल मनापासून आभार

आदरणीय मावशींना,
सा. न. वि. वि.

‘रायझिंग सन’वरचा माझा लेख पूर्ण झाला. तो तुमच्यामुळे झाला, हे चारचौघांना कळावं म्हणून हे उघड पत्र.

फिलिप कॉफमन यांचा हा चित्रपट जुलै १९९३ मध्ये आला. लॉस एंजेलिसमध्ये जपानी कंपनीच्या टोलेजंग इमारतीत एका तरुणीचा खून होतो आणि शॉन कॉनरी, वेस्ली स्नाइप्स तपासाला लागतात. परीक्षणं शोधली की सापडतात. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी दोनच तारे दिले, जगभरातली कमाई सुमारे १० कोटी ७० लाख डॉलर, हे कुणीही सांगेल. अमेरिकेतली त्या काळातली जपानविरोधी हवा कशी होती हे मात्र तुम्ही लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्समध्ये राहून पाहिलं होतंत.

तुमची फाइल उघडली तर सिनेमाच्या परीक्षणांआधी उद्योगजगताच्या बातम्या! जपानी कंपन्या अमेरिकेत एकामागून एक खरेदी करत होत्या: १९८९ मध्ये सोनीने हॉलिवूडची कोलंबिया पिक्चर्स घेतली, त्याच वर्षी मित्सुबिशी इस्टेटने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये मोठा हिस्सा घेतला, १९९० मध्ये मात्सुशिताने युनिव्हर्सल स्टुडिओची मालक कंपनी एमसीए. प्रत्येक कात्रणाच्या कोपऱ्यात निळ्या शाईत तुमच्या अक्षरात तारीख. आणि सगळ्यांत खाली व्हिन्सेंट चिनची बातमी. १९८२ साली डेट्रॉइटजवळ या चिनी वंशाच्या तरुणाला मोटारधंद्यातल्या दोघांनी बेसबॉलच्या बॅटने मारून ठार केलं. जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या गेल्याचा राग त्याच्यावर निघाला. मारणाऱ्यांना प्रोबेशन आणि तीन-तीन हजार डॉलर दंड झाला. तुरुंगवास नाहीच.

‘या चित्रपटाविरुद्धची आशियाई-अमेरिकन लोकांची निदर्शनं समजून घ्यायची तर आधी ही बातमी वाच,’ असं तुम्ही म्हणालात, तिथे माझ्या लेखाला दिशा मिळाली. मायकल क्रायटन यांच्या १९९२ च्या कादंबरीत खुनी जपानी आहे. पडद्यावर संशयाची सुई शेवटी एका अमेरिकन माणसाकडे वळते. क्रायटन तर पटकथेतून मध्येच बाहेर पडले. तरीही निदर्शनं झालीच, आणि मला ती रास्त वाटतात. खुनी कोण हे बदललं, पण दीड-दोन तास पडद्यावर जपानी चेहऱ्यांकडे ज्या नजरेने बघायला लावलं जातं, ती नजर तशीच राहिली. याच चित्रपटाला तोरू ताकेमित्सु यांच्यासारख्या जपानी संगीतकाराचं संगीत आहे, याचं मला अजून नवल वाटतं. शिवाय चित्रपट आला तोवर जपानच्या तेजीचा फुगा फुटलाही होता. भीती मात्र अजून तिकीटबारीवर खपत होती.

तारीखवार लावलेली कात्रणं नसती तर हा क्रम माझ्या ध्यानात आला नसता. इतकी वर्षं ती तुम्ही जपलीत आणि मागताक्षणी माझ्या हाती दिलीत, हे ऋण मोठं आहे.

एक विनंती. आमच्या फिल्म क्लबच्या मुलांसाठी या कात्रणांच्या झेरॉक्स काढून ठेवू का? तुमचा होकार आला की लगेच कामाला लागते.

तुमची,
एक विद्यार्थिनी